पाठमोऱ्या बाबांचा चेलो

ताई,

कलादालनाने त्यांच्याकडच्या एखाद्या चित्रावरून चार वाद्यांची रचना करून मागितली, तेव्हा मी तुझंच चित्र निवडलं. जेवणाच्या टेबलाशी आपण दोघं, आई आणि पाठमोरे बाबा. "हिने माझं तोंडसुद्धा काढलं नाही," म्हणून त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं, तेच चित्र.

दोन व्हायोलिन म्हणजे आपण, व्हायोला आई. तिघांची अखंड बडबड चालते. खर्जातला चेलो म्हणजे बाबा. शेवटी आपण गप्प होतो आणि चेलो एकटाच वाजत राहतो. संचालक म्हणाले, "शेवट जरा जोरदार करा की." मी म्हटलं, "एक सूरही बदलणार नाही." काम फक्कड जमलंय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काल कार्यक्रमाला बाबा आले होते. टाळ्या थांबल्यावर ते तुझ्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "या पाठीकडे पोरगी किती वेळ बघत बसली असेल रे." मग त्यांनी तुझा नंबर मागितला.

म्हणून हे पत्र मी पाठवत नाही. त्यांचा फोन आधी यायला हवा.

तुझा
धाकटा भाऊ