बर्फाच्या कारखान्याचे तीन मीटर

मी, खाली सही करणारा, या बर्फाच्या कारखान्याचा मालक. उद्या माझ्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन आहे. माझं हृदय भूल सोसेल की नाही, हे डॉक्टरीणबाईही छातीठोकपणे सांगत नाहीत. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता, उलट सगळ्यांच्या डोक्यावर बसून, हे मृत्युपत्र ऑफिसातल्या खाटेवर पडून स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वीचं सगळं लिखाण रद्द समजावं.

१. राहतं घर सौभाग्यवतीला. तिच्या हयातीत "आई, तुम्ही आता मागची खोली घ्या" असं कोणी म्हणायचं नाही. सूनबाईंनी हे दोनदा वाचावं.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी दोघांना समान. माझे पाने, पकडी आणि हातोडे शेजारच्या लेथवाल्याला. अर्धे त्याने आधीच नेलेत, त्यामुळे ताबा देण्याची घाई नाही.

३. कारखाना ज्याच्या हाती जाईल, त्याला मीटर कळायला हवेत. ऑफिसचा सिंगल फेज, घरासारखाच, त्यावर दिवे-पंखे. दुरुस्तीच्या शेडचा थ्री फेज. तिथल्या तिन्ही तारा थेट मीटरमधून जातात. कॉम्प्रेसरचा मात्र सीटी मीटर. कॉम्प्रेसर इतकी वीज ओढतो, की ती थेट नेली तर मीटरच जळेल. म्हणून जाड केबलींभोवती कड्या बसवल्या आहेत. त्या ठरल्या प्रमाणात थोडासाच प्रवाह मीटरला देतात, आणि मीटरवरचा आकडा तेवढ्या पटीने गुणून बिल येतं.

थोरल्याला, म्हणजे माझ्या मुलाला, हा गुणाकार लूट वाटतो. सकाळी म्हणाला, "बाबा, कडीची एक बारीक तार सोडवली की मीटर मंद पळतो. चिमटा करून देतो." चिमटा म्हणजे अक्कल गहाण टाकून अवजारं घेतलेला वायरमन. मी म्हटलं, "अरे गाढवा, चोरी तर आहेच. पण यंत्र चालू असताना ती तार सोडवलीस, तर तिच्या टोकांवर माणूस मारणारा दाब चढतो!"

"तुम्ही ना बाबा, उगीच घाबरवता."

म्हणून लिहितो, की जो कोणी मीटरचं सील तोडेल, त्याला कारखान्यातली पैही मिळणार नाही.

४. धाकटीला, म्हणजे माझ्या मुलीला,

इथे लिहिणं थांबलं होतं. भिंतीपलीकडे, मीटरच्या खोलीत, स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी ओरडलो, "कोण आहे रे आत?"

"काही नाही, बाबा! पडून राहा तुम्ही!" आवाज थोरल्याचा.

कॉम्प्रेसर धडधडत होता आणि मला उठता येत नव्हतं. लेथवाला धावला, तर दाराला आतून कडी. धाकटी ऑफिसच्या दारात आली. मी म्हटलं, "यंत्राचा मेन स्विच पाड!"

"बाबा, टाकीतला बर्फ अजून पुरता धरला नाहीये. सगळा जाईल."

"खड्ड्यात गेला बर्फ! तुझा भाऊ आत आहे!"

ती कॉम्प्रेसरच्या खोलीकडे धावली. भिंतीपलीकडे तडतड झाली, मग किंकाळी, मग कॉम्प्रेसर थांबला. त्यानंतर कोणाचाच आवाज नाही. देवा, तेवढ्या वेळात मी पोराला दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेतल्या. तो चालत बाहेर आला, तेव्हा पुन्हा दिल्या.

चिमट्याने ऐन वेळी कच खाल्ली, म्हणून थोरल्याने स्वतःच स्क्रू ढिला केला होता.

तर, धाकटीला संपूर्ण कारखाना. सील तुटलं आहे. वीज कंपनीचा माणूस येऊन तपासेपर्यंत मेन चढवायचा नाही. तोवर बर्फ वितळेल, वितळू दे.

धाकटी म्हणते, "बाबा, दादाला असं तोडू नका हो." मला रडू येतंय, पण कलम तीन मी खोडणार नाही.

ठिकाण: कारखान्याचं ऑफिस. तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची.
सही: मालक
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (उद्यासाठी मला तपासायला आल्या होत्या)
साक्षीदार: चिमटा (अजून थरथरतोय, म्हणून सही वेडीवाकडी)

कलम तीन वाचलं. मान्य आहे. बाबा, उद्या परत या.
थोरला (उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताने)