डावीकडचं दार

सोम. २ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट. शेंद्र्याच्या कंपनीतून चारपर्यंत घरी. हातपाय धुऊन अंगणात गाडीपाशी उभा राहिलो. सलीमभाई डेंटरनं गाडीचा चेपलेला डावीकडचा खांब ओढून सरळ करून दिलाय. आता पत्रे मीच बसवणार. पुढचं डावं दार भंगार बाजारातून आणलेलं, दुसऱ्या अँबॅसिडरचं. हिरवं. आपली पांढरी.
माझी बायको मंगल त्या बाजूला बसली होती. गाडी माझा दादा चालवत होता, मी कामावर. वेरूळहून परतताना पुढं ट्रॉली, तिला मागं दिवा नाही. मंगल गेली. दादाला खरचटलं. दीड वर्ष झालं.
संध्याकाळी जप केला. म्हणजे माळ फिरली.

बुध. ४
कविताचा पुण्याहून फोन. "बाबा, कशाला करताय ते? देऊन टाका ना भंगारात." पोरीला काय सांगणार. कशाला, ते मलाच ठाऊक नाही. संध्याकाळी हातांना काहीतरी लागतं.
शेवटी विचारलंच तिनं, "काकांशी बोललात?"
नाही म्हटलं. भांडण नाही. त्याची चूक आहे असं मी कधी म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही, दिवसकार्यालाही नाही. त्याला तेच लागलं असणार, तेव्हापासून तो आला नाही. राग असता तर बोललो असतो. आत शोधलं तर काही सापडतच नाही.

रवि. ८
मागचं दार आधी. त्याच्या अंदाजानं पुढचं, मग मडगार्ड, शेवटी बॉनेट. मधल्या फटी सगळीकडं सारख्या आल्या पाहिजेत. दिवसभर बिजागरीखाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसलो. शेवटी फट जमली. वरपासून खालपर्यंत एक रेघ.
बरं वाटायला हवं होतं. खिचडी टाकली, खाल्ली.

सोम. ९
चाकं चढवली, गाडीखालचे ठोकळे काढले. फट बिघडली. वर दाराला दार घासतंय, खाली बोट जातंय. सलीमभाई बघून हसायलाच लागले. "दत्ताभाई, हवा में टांग के बिठाया क्या दरवाजा? पैले गाडी कू अपने पाँव पे खडी करो. वजन पडा के सब सरकताइच."
कंपनीत मशीन जुळवणारा माणूस मी. हे सुचू नये.
उद्या धरायला येतो म्हणाले. रात्री निरोप: खुलताबादला बहीण आजारी, आठवडा लागेल.

गुरु. १२
उपवास. एकट्यानं दार बसत नाही. जॅक लावला, लाकूड लावलं, गुडघा लावला. बोल्ट आवळेपर्यंत दार खाली बसतं. एकानं वजन धरायचं, दुसऱ्यानं आवळायचं, असंच आहे ते.
शेजारचे कुलकर्णी कुंपणावरून, "अहो, एवढ्या मेहनतीत विमान झालं असतं!"
म्हटलं, धरता का जरा?
"कंबर हो, कंबर," म्हणत आत गेले.

रवि. १५
दार खांद्यावर, हातात पाना. फाटक वाजलं. दादा. वहिनीनं शेतातला हुरडा पाठवला होता, ती पिशवी घेऊन तिथंच उभा. इकडं बोल्ट निसटत होता. तोंडातून गेलं, "धर."
पिशवी ठेवून आला. धरलं.
"वर घे."
"एवढं?"
"लई झालं. जरा खाली. आता तुझ्याकडं ओढ."
"माझ्याकडं कसं येईल येड्या, बिजागरी तुझ्याकडं हाय!"
"मग ढकल."
"ढकललं. आवळ लवकर, मी काय पैलवान हाय का आता?"
हसू आलं नाही. पण हे हसण्यासारखं आहे, एवढं कळलं.
तासभर बोललो. सगळं दाराचंच. फट जमली. बाहेरून लावून, उघडून पाहिलं. दादा म्हणाला, "आतून उघडतं का?"
त्या दिवशी दार आतून उघडलं नव्हतं. बाहेरून दादा ओढत होता, लोक जमेपर्यंत. बोटांची नखं गेली होती त्याची. हे मला लोकांनीच सांगितलं.
कुणीतरी आत बसायला पाहिजे होतं. तोच बसला, तिच्या जागेवर. मी दार लावलं. काच अजून बसवलेली नाही, समोर त्याचा चेहरा. त्यानं खटका ओढला. उघडलं, एका ओढीत. उतरला मात्र नाही. मांडीवर हात ठेवून समोर बघत म्हणाला, "असं उघडायला पायजे होतं."
"व्हय," मी म्हणालो.
चहा विचारायचा राहिला.

रवि. २२
मडगार्ड हलकं, एकट्यानं बसतं. दुपारपर्यंत जागेवर आणलं. दाराशी थोडी फट जुळवायची आहे. बोल्ट हातानंच फिरवून ठेवले, आवळले नाहीत.
सलीमभाई परतलेत. बहीण बरी आहे. "कस डालो ना, दो मिनट का काम," म्हणाले. राहू द्या म्हटलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पाना पुसून पेटीत ठेवला.
दादाला मी ये म्हणालो नव्हतो. तोही येतो म्हणाला नव्हता.
आत्ता देवापुढं दिवा लावून आलो. फाटकाला कडी घातलेली नाही.