वाया गेलेली पट्टी

प्रिय बाबा,

आज दुपारी आमच्या भट्टीतून एक पट्टी निघाली आणि टिकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी पेढे आणले. मीही एक खाल्ला. गोड लागला की नाही, आठवत नाही. मग टेबलाशी बसून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

तुम्ही विचारायचे, पुण्यात तू करते तरी काय? मी सांगायचे, फार तापणाऱ्या इंजिनांत सिरॅमिकचे भाग बसवतात, म्हणजे आपल्या कपबशीच्या चिनी मातीचंच दणकट भावंड. तो भाग किती तापला हे कळावं म्हणून त्याच्यावरच धातूचा थर चढवायचा, केसाहूनही कितीतरी पातळ. आधी तो छोट्या पट्टीवर चढवून, भट्टीत तापवून पाहायचा, टिकतो का. तुम्ही हसायचे. वरवट बकालच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात ट्रॅक्टरच्या इंजिनाला नुसता तळहात टेकवून तुम्ही सांगायचे, "पाणी कमी हाय याच्यात." कधी चुकले का हो?

गेल्या दिवाळीला मी तुम्हाला एक पट्टी आणून दिली. बोटाएवढी, पांढरी, वर चकाकती रेघ. म्हटलं, बाबा, ही आमची पहिली चांगली पट्टी.

खोटं होतं ते. थर नीट बसला नव्हता, ती वाया गेलेली होती. कचऱ्यात जायची ती मी पर्समध्ये टाकली, कारण तुमच्यासाठी काही घ्यायला मला वेळच झाला नव्हता.

तुम्ही रेघेवरून बोट फिरवलं तर मी खेकसले. हात नका लावू, बोटाचं तेल लागते! फेकायच्या वस्तूसाठी बापावर खेकसले. तुम्ही ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. मग दुकानात येईल त्याला दाखवत बसायचे, रुमालासकट. एकदा फोनवर विचारलं, "काय वं सुमे, हे खरंच आगीत टिकते?" मी म्हटलं, टिकते.

मग तुम्ही गेले, दुकानातच, बसल्या बसल्या. तिरडी उचलायच्या आधी आईनं ती पट्टी तुमच्या मुठीत ठेवली. मी पाहत होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला मीही गेले. काका नको म्हणत होते. राखेत पट्टी सापडली, अख्खी. रेघ तेवढी नव्हती, सगळी सोलून गेली होती. वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं, अजूनही नाही. लोक म्हणतात, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर झाले आहे. पट्टी अस्थींबरोबर पूर्णेत सोडून दिली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "टिकली का वं?"

मी म्हटलं, "हाव."

तुम्ही तरी काऊन एवढा विश्वास ठेवला बाबा? हात लावून इंजिनातली खोट ओळखणारा माणूस! की ओळखलं होतं, आणि पोरीनं आणली म्हणून खिशात ठेवली?

शनिवारी गावी येते. आजची पट्टी आईच्या हातात देईन आणि पहिलीचं काय झालं, तेही सांगेन. रागावली तर रागावू दे. मग दुकान उघडून ही पट्टी तुमच्या पान्यांच्या पेटीवर ठेवेन, रुमालाशिवाय. खुशाल बोट फिरवा. मी काही म्हणणार नाही.

तुमची,
सुमी