जर्मनभाषाभूषण सुंदरराव

१६ ऑगस्ट, सकाळी
आजपासून जर्मन शिकणार. निर्णय पक्का. उज्ज्वलाचा फोन आला होता, दिवाळीला येतेय जर्मनीहून, जावयाला आन् वैष्णवीला घेऊन. नात पाच वर्षांची झाली, जन्म तिकडचाच, मी तिला अजून एकदाही उचलून घेतलेलं न्हाई. माझं म्हणणं साधं हाय. गाडीतून उतरली की पोरीनं आधी माझ्याशी बोलावं आन् माझ्याच मांडीवर बसावं. बाकीच्यांचं नंतर बघू.
शिवकन्येला सांगितलं. तर बायको म्हणते, आधी सख्ख्या भावाशी मराठीत बोला, शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधाच्या भांडणापासून अबोला हाय. विषय काय, ही बोलते काय.

१७ ऑगस्ट, पहाटे पाच (ठरलेली वेळ). प्रत्यक्षात साडेआठ
मोबाईलवरचा व्हिडिओवाला सांगतो, थोडं करा पण रोज करा, सवय महत्त्वाची. म्हणून पहिला दिवस तयारीला दिला. हेडफोन आणला. घालून आरशात बघितलं. शोभतो. अभ्यास उद्या.

२१ ऑगस्ट
दुसरी सवय: घरातल्या वस्तूंवर त्या भाषेतल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा. चिकटवल्या. तिखटाच्या डब्यावरची शिवकन्येनं फाडली. म्हशीच्या शिंगावरची म्हशीनं पाडली आन् खाल्ली. या घरात शिक्षणाला वातावरण न्हाई.

२८ ऑगस्ट
तिसरी सवय लई भारी. आपलं ध्येय चारचौघांत जाहीर करा, म्हणजे माघार घेता येत न्हाई. आता जाहीर करायचं म्हणजे आपल्याकडं एकच पद्धत. वडवणीला जाऊन बजरंगच्या दुकानात फ्लेक्स छापायला टाकला. बजरंगनं विचारलं, अभिनंदन कशाबद्दल लिहू? म्हणलं, जर्मन शिकायला लागल्याबद्दल. तो म्हणाला, अण्णा, लागल्याबद्दल फ्लेक्स कोण लावतं बे? झाल्याबद्दल लावतेत. बोलला उद्धट, पण मुद्दा बरोबर होता.
मजकूर: ‘जर्मन भाषेवर प्रभुत्व मिळवल्याबद्दल जर्मनभाषाभूषण मा. सुंदरराव (माजी उपसरपंच) यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त गावकरी.’ फोटो गॉगलवाला. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यांना विचारायचं राहून गेलं.

१ सप्टेंबर
फ्लेक्स फाट्यावर लागला. गावात वट वाढली. शाळेतल्या गुरुजींनी शाल-नारळ दिला आन् दोन शब्द जर्मनमध्ये बोलायला लावलं. दोनच बोललो. टाळ्या.
आता अभ्यासाची तेवढी घाई न्हाई. लोकांच्या मते तो झालेला हाय.

७ सप्टेंबर
चौथी सवय: ज्यांची ती भाषा हाय त्यांच्याशी बोला. अशी व्यक्ती आपल्या घरातलीच. शिवकन्या व्हिडिओ कॉलवर वैष्णवीशी खिदळत होती, फोन काढून घेतला आन् खणखणीत आवाजात म्हणलं, ‘गुटन मॉर्गन! वी हाइस्ट डू?’ म्हणजे शुभ सकाळ, तुझं नाव काय. पोरगी सोफ्याच्या मागं गेली ती आलीच न्हाई. उच्चार ऐकून थक्क झाली असणार.
उज्ज्वला म्हणाली, अण्णा, तिला मराठी येतं, मराठीत बोला की. आईला लेकराचं कौतुक असतंच. तिकडं जन्मलेल्या लेकराला मराठी कुठून येईल? आन् फ्लेक्स लावून बसलेल्या माणसानं मराठीत बोलायचं म्हणजे गावात काय इज्जत राहील?

२२ सप्टेंबर
प्रत्येक कॉलला गुटन मॉर्गन. प्रत्येक वेळी सोफा. शिवकन्या म्हणते, काल वैष्णवीनं तिला मांजराची अख्खी गोष्ट सांगितली. कोणत्या भाषेत, ते विचारलं न्हाई. बायकांच्या गप्पांत मी पडत न्हाई.

५ ऑक्टोबर
सोयाबीनची काढणी. जर्मनला वेळ न्हाई. मोबाईलवरचं जर्मन शिकायचं ॲप रोज आठवण करून देतं, ती बंद केली. आता मन शांत हाय.
पाचवी सवय मात्र चालू ठेवलीय: स्वप्नं त्या भाषेत पडली पाहिजेत. त्यासाठी दुपारी झोपतो. आज स्वप्नात चार जर्मन आले होते. सगळे वडवणीकडचं मराठी बोलत होते.

१८ ऑक्टोबर
आले. फ्लेक्समुळं फाट्यावर सगळा गाव गोळा, हलगी बिलगी. जावयानं फ्लेक्स दोनदा वाचला आन् फोटो काढला. लोक म्हणाले, अण्णा, होऊ द्या. म्हणलं, ‘गुटन मॉर्गन, वैष्णवी!’ दिवस मावळत होता, पण ते कुणाला कळतंय. पुढचं काही आठवंना, तर चिठ्ठ्यांवरचं म्हणत गेलो. दार, खुर्ची, मीठ, तिखट, बादली. सगळं जर्मनमधून. टाळ्या पडल्या.
वैष्णवी आईच्या मागं लपली. घरी आल्यावर आजीच्या मांडीवर बसली. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. जेवण गेलं न्हाई.

१९ ऑक्टोबर, सकाळी
शिवकन्या भाकरी थापत होती, वैष्णवी तिला चिकटून बसलेली. मी दाराआड. पोरगी मराठीत बडबडत होती. ‘आजी, ही लई गरम हाय.’ अगदी आपल्यासारखी.
आत गेलो. मनात होतं, ‘ये बाळा’ म्हणावं. तोंडातून निघालं, ‘गुटन मॉर्गन.’ सवय.
ती आजीला आणखी चिकटली. मग आजीच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल असं विचारलं, ‘आजी, आजोबाला मराठी येत न्हाई का गं?’
शिवकन्येनं भाकरी उलटली. म्हणाली, ‘न्हाई गं बाई. तू शिकव.’
मला रडू आलं. खोटं कशाला लिहू.

१९ ऑक्टोबर, दुपारी
फ्लेक्स उतरवून आणला, सोयाबीनच्या ढिगावर टाकला. माझं तोंड खालच्या बाजूला.
वैष्णवी मांडीवर बसलीय. समोरच्या वस्तूकडं बोट करते आन् नाव सांगते. म्हणाली, ‘आजोबा, हा तवा. म्हणा.’
म्हणलं, तवा.
म्हणाली, चुकलं. पुन्हा म्हणा.