अंगठाभर जागा

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (सध्या कंबर वाकत नाही, कारण पुढे येईल. मनाने मात्र पूर्ण वाकलो आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? स्टुलावरून उठताना वाजायचा तो डावा. उजव्याने अजून तक्रार सुरू केली नसेल अशी आशा करतो. मामीच्या खोकल्याबद्दल तुम्ही मागच्या वेळी "बरी आहे, ओरडते" एवढंच लिहिलं होतं, त्यावरून ती ठणठणीत आहे असं मी धरून चाललो आहे. तिला नमस्कार सांगा. तिने विणून दिलेला मफलर मी रोज वापरतो. तो इतका लांब आहे की दुकानात एकदा दाराच्या कडीत अडकून मी गिऱ्हाइकासमोर उलटा ओढला गेलो. पण त्यात मफलरचा दोष नाही.

तुमचं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ होती: काम टिकलं का ते कळव. याचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण त्यातून काय काय झालं ते तुम्हाला कळणार नाही, आणि जे झालं त्यात तुमचा मोठा हात आहे. म्हणून क्रमाने लिहितो. चष्मा घेऊन बसा.

आमचं दुकान बर्फाच्या उताराच्या पायथ्याशी आहे आणि तिथे स्नोबोर्ड भाड्याने मिळतात. स्नोबोर्ड म्हणजे माणसाच्या हनुवटीपर्यंत येणारी फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे आणि उतारावरून खाली यायचं. (खाली येणं आपोआप होतं. उभं राहून येणं शिकावं लागतं.) आत शिरलं की डाव्या भिंतीला फळ्या, उजव्या भिंतीला बूट, मध्ये लांब बाक, आणि खाली कायम ओला असलेला गालिचा. मागच्या खोलीत एक काका फळ्यांच्या पोटाला गरम इस्त्रीने मेण लावत असतात. त्यांना सगळे इस्त्रीवाले म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या शर्टाला गेल्या कित्येक वर्षांत इस्त्री लागलेली नाही. मालकीण आहेत त्यांना आम्ही नुसतं बाई म्हणतो. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पहिला मोठा बर्फ पडेपर्यंत तुझं काम बघते, मग ठेवायचं की नाही ते ठरवते. मागच्या खोलीत प्रत्येक कामगाराच्या नावाची एक खुंटी आहे. माझ्या नावाची नव्हती. मी माझा एप्रन दाराच्या मुठीला अडकवत असे आणि कोणीही दार उघडलं की तो खाली पडत असे. दिवसातून साधारण तीस वेळा. प्रत्येक वेळी तो उचलताना मला पहिला मोठा बर्फ आठवायचा.

फळ्यांचं काम मी वहीत लिहून लिहून शिकलो. ताजा, खोल बर्फ पिठासारखा असतो, मुठीत धरला तर गोळा होत नाही. नेहमीची फळी त्यात नाक खुपसते आणि तिच्या मागोमाग माणूसही खुपसतो. म्हणून अशा बर्फासाठी नाक रुंद आणि वर वळलेलं हवं, शेपूट अरुंद हवं, आणि पाय मध्यापेक्षा थोडे मागे बांधायचे, म्हणजे नाक वर राहून फळी तरंगते. माणसाचं वजन, उंची आणि पायाचा आकार पाहून फळी काढायची. मी याचा तक्ता केला, पट्टीने रेघा मारून. (नववीनंतर शाळा सुटली तरी पट्टी सुटलेली नाही.) फळ्यांच्या बाबतीत माझी एकही चूक झाली नाही हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे नोंदवण्यासारखं चांगलं बराच वेळ येत नाही.

बूट मात्र मला शिकावे लागले नाहीत. बूट मला येत होते. तीच पंचाईत झाली.

मामा, तुमच्या दुकानात सात वर्षं मी तुमच्या शेजारी गुडघ्यावर बसलो. बूट चढवायचा, गिऱ्हाइकाला उभं करायचं, पुढे अंगठा दाबायचा आणि अंगठाभर जागा आहे ना ते बघायचं. लहान मूल असेल तर दोन अंगठे, कारण वाढतं अंग. मोठा माणूस असेल तरी अंगठाभर, कारण, तुमच्याच शब्दांत, अरे, संध्याकाळी पाय सुजतो. त्यामुळे मोठा बर्फ पडला त्या सकाळी एक दातांच्या डॉक्टरीणबाई आपल्या घरच्या दहा माणसांना घेऊन आल्या, तेव्हा मी बाईंना म्हणालो, तुम्ही बसा, हे मी बघतो. अकरा माणसं, बावीस पाय. मी एकेकासमोर बसलो, अंगठा दाबला आणि अकराही जणांना ऐसपैस बूट दिले. अहो, काय खूश झाले ते लोक! डॉक्टरीणबाई बाईंना म्हणाल्या, इतका आरामशीर बूट मला जन्मात कोणी दिला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या दिवशी एप्रन पडला तेव्हा मी शीळ घालत तो उचलला.

दुपारी चार वाजता ती मंडळी परत आली. सगळ्यांत पुढे डॉक्टरीणबाई, मोज्यांवर.

झालं होतं ते असं. वरच्या खोल बर्फात फळी सुरेख तरंगली (याची कृपया नोंद घ्यावी), पण वळायची वेळ आली तेव्हा त्यांनी टाच उचलली आणि टाच बुटातल्या बुटातच उचलली गेली. फळीला निरोप पोचलाच नाही. ती सरळ गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन एका खड्ड्यात शिरली. त्या कमरेपर्यंत बर्फात रुतल्या. घरच्या माणसांनी दोन्ही हात धरून ओढलं, तर मुळा उपटावा तशा त्या बाहेर आल्या; बूट आणि फळी खालीच राहिली. मग दहा जणांनी पाऊण तास बर्फ उकरला. उकरताना त्यांच्याही टाचा निसटत होत्या, त्यामुळे अधूनमधून उकरणाऱ्यांपैकी एखादा उताराने चालू लागे आणि त्याला आणायला दुसरा जाई.

बाई म्हणाल्या, बूट कोणी दिले? हे त्यांना माहीत होतं. मी हात वर केला. (शाळेची सवय.) त्या म्हणाल्या, अकराच्या अकरा मोठे? मी म्हणालो, अंगठाभर जागा ठेवली होती. त्या म्हणाल्या, कशासाठी? आणि मामा, मी जे खरं ते सांगितलं: माझ्या मामांनी शिकवलंय. आतून इस्त्रीवाल्यांचा आवाज आला, "अंगठेबहाद्दर!" सही न येणाऱ्याला म्हणतात ते मला म्हणाले. मला, ज्याची सही पोस्टातले लोक दोनदा बघतात. पण ती वेळ सही दाखवण्याची नव्हती.

मला वाटलं, संपलं. मी एप्रन काढून घडी घालायला घेतला. तेवढ्यात बाईंची नजर माझ्या पायांकडे गेली. पायात मी निघताना तुम्ही दिलेले बूट होते, नऊ नंबरचे. त्यांनी खाली वाकून पुढे अंगठा दाबला. तो गेला तो गेलाच. मग त्या इतक्या हसल्या की डॉक्टरीणबाईही हसू लागल्या, आणि डॉक्टरीणबाई हसल्यावर बाकीच्या दहांनाही हसावं लागलं. बाई म्हणाल्या, "अरे, चालायच्या बुटाला जागा लागते. फळीचा बूट पायाला धरून बसला पाहिजे. बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि टाच हलता कामा नये. उद्या सकाळी चल माझ्याबरोबर वर. पायाला कळल्याशिवाय तुझ्या डोक्याला कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उतारावर आधी मोठे बूट घालून उभं केलं. मी पाच वेळा पडलो. मग मापाचे बूट दिले. मी चौदा वेळा पडलो. (जास्त वेळा, कारण आता फळी माझं ऐकत होती आणि मी चुकीचं सांगत होतो.) एकूण एकोणीस. विसाव्या वेळी मी टाचेवर किंचित भार दिला आणि फळी वळली, मामा. खाली काहीच नसल्यासारखं वाटलं, आवाज नाही, नुसता चेहऱ्यावर भुरभुरणारा बर्फ. चार श्वास असेल हे सगळं. मग झाड आलं. कंबर का वाकत नाही ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. बाईंनी स्वतः त्यांना मापाचे बूट चढवले, पण काही केल्या जमेना. एक नंबर टोचायचा, दुसरा हलायचा. सहा जोड झाले. डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या, "राहू दे, हा छंद आपल्यासाठी नाही." बाईंनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. आणि मी, कमरेला न विचारता, गुडघ्यावर बसलो. अंगठा खिशात ठेवला. तुम्ही बसता तसा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला, टाच तळहातात धरली आणि आधी मोजा पाहिला. तुम्ही नेहमी आधी मोजा बघता. मामा, त्यांनी दोन मोजे घातले होते, एकावर एक, आणि आतल्याची शिवण करंगळीखाली दुमडली होती. कालच्या थंडीने घाबरून घातले होते बिचाऱ्यांनी. एक काढला. पहिला टोचणारा बूट पायात बसला तो असा बसला की त्या स्वतःच फळी उचलून निघाल्या. संध्याकाळी भुवयांपर्यंत बर्फाने माखून त्या दारात आल्या आणि बाईंना म्हणाल्या, "तो मामांचा भाचा कुठेय? त्याला सांगा, मी वळले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत एक नवी खुंटी होती. वरची पट्टी कोरी होती. बाई म्हणाल्या, तुझं अक्षर आमच्यापेक्षा बरं आहे, तूच लिही. मी नाव लिहिल्यावर इस्त्रीवाल्यांनी पट्टीवर मेणाचा हात फिरवून दिला, ओलाव्याने अक्षर पसरू नये म्हणून. तर तुमच्या ओळीचं उत्तर: टिकलं. तुमच्यामुळे जवळजवळ गेलं होतं आणि तुमच्यामुळेच टिकलं. मी पुन्हा पुन्हा विचार केला, आणि मला वाटतं की एकूण हिशेबात मी तुमचा ऋणीच आहे.

मामीला पुन्हा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (बुटांची बाब सोडून)
भाचा

ता. क. एकोणीस हा आकडा आईला सांगू नये. तिला सांगा, मी दुकानात असतो आणि दुकान तळमजल्यावर आहे.

ता. क. २. लिहायचं मुख्य राहिलंच. बाईंनी माझा पाय मोजला. तो सात नंबरचा आहे. मी बावीस वर्षांचा आहे, मामा, आता अंग वाढत नाही. तुम्ही वाढदिवसाला नवे बूट पाठवणार असल्याचं मामीने कळवलं आहे. कृपया सात नंबरचे पाठवावेत. साडेसात नकोत. अंगठा दाबू नये.

ता. क. ३. जुने बूट सुकवायला ठेवताना तुम्ही पुढे कोंबलेले, आता दबून चपटे झालेले कागद पहिल्यांदाच बाहेर काढले. डाव्यात वर्तमानपत्र होतं. उजव्यात तुमच्या बिलबुकाचं पान होतं आणि त्यावर तुमच्या हातचं: "नाही जमलं तर लाजू नकोस, परत ये. स्टूल दुसऱ्या कोणाला देत नाही." म्हणजे चार महिने मी यावर चालत होतो.

ता. क. ४. साडेसात चालतील. आठही चालतील. मी दोन मोजे घालीन.