सांदाला न्यायला

बोलोन्या, इटली, शुक्रवार

ग्रिगोरे,

आपल्या लेकीला, सांदाला, न्यायला उद्या सकाळच्या बसने मी मोल्दोव्हाला निघते आहे. तुला हे कळू द्यायचं नाही, म्हणून हे पत्र पोस्टात पडणार नाही. पण तुझ्याशी बोलल्याशिवाय निघवत नाही.

वर्षभर इथे ओर्नेलाबाईंची शुश्रूषा केली. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून त्यांची काचेची सुरई फुटली आणि मी दोन्ही हात डोक्यावर धरून खाली बसले. म्हातारी म्हणाली, "अगं वेडे, इथे तुला कोण मारणार? मला तर धड उभंही राहता येत नाही!" आम्ही दोघी हसलो, मग मी रडले. या घरात मी निवांत झोपायला शिकले.

आज मी बॅग भरत असताना त्या म्हणाल्या, "मागची खोली रिकामी आहे. पोरीला घेऊनच ये. नाही आलीस तर दुसरी बाई ठेवीन, आणि येईल-जाईल त्याच्याकडे तिचंच कौतुक करीन!"

सांदाला कुशीत घ्यायचं म्हणून जीव हरखतो, आणि हे घर सोडायचं म्हणून पाय निघत नाही. तिची शाळा सुटेल तेव्हा माझी बहीण आणि मी फाटकापाशी उभ्या असू. तू तेव्हा कामावर असशील. नसलास तर?

तुझ्या माराची भीती वाटतेच. त्याहून मोठी भीती ही, की तू समोर येऊन नुसतं "आलीस का?" म्हणालास, तर सवयीने माझ्या तोंडून निघून जाईल, "जेवायला काय करू?"

'तुझी' असं लिहवत नाही,
लिदिया