मौसी खात नाही

३ नोव्हेंबर, मांडू
देवासहून निघताना आईनं दिलेला चिवडा धारपर्यंतच संपला. आईची जुनी मैत्रीण प्रमोदिनीकाकू इथं एकट्याच असतात. त्यांनी वरची खोली दिली आणि बसल्याबरोबर गरम दालपानिये वाढले, डाळीबरोबर पानांत भाजलेले मक्याचे रोट. वानरांचा अभ्यास करायला एवढं शिकावं लागतं का, असं हसत विचारलं. मीही हसले. खिडकीसमोरच खुरासानी इमली, म्हणजे आपली गोरखचिंच, तिच्यावर सगळी टोळी. याहून चांगली जागा कुठली?

५ नोव्हेंबर
अर्पितनं यंत्रवानरी जोडली. तो इंदूरचा, यंत्राचं सगळं तोच बघतो. तिला मौसी म्हणतो. रबरी चेहरा, राखाडी लव, डोळ्यांत कॅमेरे. ती मान वळवते, हळूच हुंकारते. अनोळखी मादी नुसती शांत बसून राहिली तर टोळी तिला आपली मानते का, हे आम्हांला बघायचंय. आज इमलीखाली ठेवली. मोठ्या नरानं दात दाखवले आणि दूर जाऊन बसला.

९ नोव्हेंबर
मानली! फाटक्या कानाची एक म्हातारी मादी मौसीची लव विंचरत बसली. दुपारी पिल्लं मौसीच्या मांडीत. अर्पित नाचायचाच बाकी होता.

१४ नोव्हेंबर
सगळी टोळी तिच्याभोवती बसून असते. ती मान वळवते, की सगळ्यांच्या माना वळतात. चित्रण सुरेख आलंय. काकू मात्र म्हणाल्या, परसातल्या पपया पिकून पडल्या, एकाही वानरानं हात लावला नाही.

१७ नोव्हेंबर
काकूंचं खरं आहे. मौसी खात नाही, म्हणून तेही खात नाहीत. एक पिल्लू आईला लुचायला गेलं. आईनं त्याचं तोंड बाजूला केलं. मारलं नाही, फक्त बाजूला केलं.

१९ नोव्हेंबर
मौसीला उचललं. अर्पित तिला इंदूरला घेऊन गेला. गाडीत बसताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "दीदी, बॅटरी तर परसोंच संपली होती. तेव्हापासून मान ती नाही वळवत होती. हे वानरलोकच तिची वळवत होते."

२१ नोव्हेंबर
ते पिल्लू मेलं. टोळी रिकाम्या जागेभोवती तशीच बसलेली. वनखात्याला फोन केला, माणसं पाठवतो म्हणाले. तोवर राहवेना. मीच मौसीच्या जागी जाऊन बसले आणि पपई खाऊन दाखवली. फाटक्या कानाच्या म्हातारीनं माझ्या हातातली फोड घेतली. वाटलं, खाईल. तिनं ती जमिनीवर ठेवली.

२२ नोव्हेंबर
सगळे वानर माझ्यामागून वर आले. खोलीभर. काकूंनी जिन्यात ताट ठेवलं, एक पिल्लू पायाशी आलं तशा खाली पळाल्या. मी घास उचलला की ती फाटक्या कानाची मनगट धरते. ओढत नाही, ओरबाडत नाही. हात खाली ठेवते.

२३ नोव्हेंबर
पाणीही नाही. उठले की पदर धरून बसवतात — हळूच. फोन कुठं गेला — काकू खालून रडताहेत. वनखात्याची माणसं उद्या येणार म्हणे —

सकाळ. तारीख —
भूक लागत नाही आता. भीती त्याचीच वाटते. लिहिताना ती अडवत नाही, बघत राहते. खाली जीप थांबली. माणसं आलीत. काकू विचारताहेत, "ऋजुता, आहेस ना गं?" हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं — तिचा तळवा ओठांवर — गार, मऊ — बाजूला करता येईल. पण मला तो बाजूला करावासा वाटत ना